जुनी गाडी चालू होत नाही, बॅटरी टिकत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर्यापूर तालुक्यात रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, टिनाचं शेड. सकाळी शेड उघडायच्या आधीच फोनवर किकचे दोन-तीन आवाज येऊन पडलेले असतात. "ऐका भाऊ, अशी करून राहिली." आवाजावरून रोग कळत नाही. मग मला तेच चार प्रश्न विचारावे लागतात आणि समोरचा तीच चार उत्तरं देतो. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

हे सगळं कार्बोरेटरच्या जुन्या मोटरसायकलींबद्दल आहे. म्हणजे शंभर सीसीच्या किकवाल्या, नंतरच्या सेल्फवाल्या आणि गावात अजून तग धरून असलेली एखादी राजदूत किंवा बुलेट. इंजेक्शनच्या बीएस६ गाड्यांना यातलं फार थोडं लागू पडतं. वायरचे रंग हिरो होंडाच्या जुन्या गाड्यांचे दिले आहेत, कारण आपल्याकडे त्याच जास्त. तुमची कंपनी वेगळी असेल तर रंगही वेगळे असतील.

१. गाडी चालू नाही होऊन राहिली. पहिले काय पाहू?

लाल किल स्विच, मग पेट्रोलचा कॉक, मग टाकीत पेट्रोल. हसू नका. गाडी अंगणात उभी असते, लेकरं वर बसून चालवल्याचं सोंग करतात आणि बोटाला लागेल ते बटन दाबतात. किल स्विच बंद आहे म्हणून ऑटोत टाकून आणलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

ते ठीक असेल तर आठ-दहा किक मारा आणि प्लग खोला. प्लगचं टोक ओलं आणि पेट्रोलचा वास असेल, तर पेट्रोल येतंय आणि करंटाचा संशय घ्यायचा (प्रश्न २). टोक खडखडीत कोरडं असेल, तर करंट राहू द्या, पेट्रोलच वर पोचत नाही. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू ढिला करा. धार आली पाहिजे. थेंब थेंब आलं तर कॉकची जाळी, नळी किंवा आतली सुई अडकली आहे. ओला आणि कोरडा एवढा एक फरक कळला की अर्ध काम झालं.

२. करंट येतो की नाही, ते घरी कसं पाहायचं?

प्लग खोलून परत कॅपमध्ये बसवा. प्लगचा लोखंडी भाग इंजिनाच्या पात्यांना घट्ट टेकवा आणि किक मारा. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी-तांबडी, मरतुकडी ठिणगी म्हणजे करंट कमजोर. हवेत ती दिसते, पण आत दाबाखाली विझते.

तीन गोष्टी सांभाळा. कॅप कोरड्या फडक्याने धरा, झटका चांगला बसतो. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, म्हणून ठिणगी त्या भोकापासून लांब ठेवा आणि ड्रेन केलेलं पेट्रोल आधी दूर न्या. आणि कॅप हवेत लटकत ठेवून किक मारू नका. करंटाला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतून वाट काढतो.

आणखी एक. हे सावलीत करा. मे महिन्यात भर एक वाजता, उन्हात उभं राहून "करंट नाही" म्हणणारे खूप असतात. त्या उन्हात ठिणगी दिसतच नाही. गोठ्यात नेली की लख्ख दिसते.

३. किकची गाडी आहे. बॅटरी बसली म्हणून चालू होत नसेल का?

बहुतेक वेळा नाही. या एका गैरसमजापायी लोकांचे सर्वांत जास्त पैसे जातात.

जुन्या शंभर सीसीच्या किकवाल्या बहुतेक गाड्यांत एसी सीडीआय असतो. सीडीआय म्हणजे ठिणगीसाठी करंट सोडणारी छोटी डबी. किक मारली की मॅग्नेट (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारं चक्र) फिरतं, त्याच्या आतली एक वेगळी कॉइल सीडीआयला वीज देते आणि त्यातून ठिणगी पडते. या साखळीत बॅटरी कुठेच नाही. बॅटरी हॉर्नसाठी, इंडिकेटरसाठी, मागच्या ब्रेकच्या लाइटसाठी. अशी गाडी बॅटरी काढून ठेवली तरी किकवर चालू होते. होत नसेल, तर नवी बॅटरी टाकूनही होणार नाही.

अपवाद आहेत. पॉइंटवाल्या (सीडीआयऐवजी उघडझाप करणारे संपर्क असलेल्या) जुन्या बुलेटमध्ये ठिणगी बॅटरीवर पडते. काही गाड्यांत डीसी सीडीआय असतो, त्यालाही बॅटरी लागते. तुमची कोणती, हे ओळखायला गाडी बंद असताना बॅटरीची एक वायर काढा, लाइट बंद ठेवा, किक मारा. चालू झाली तर एसी. रेस न देता लगेच बंद करा आणि वायर जोडा. गाडी चालू असताना मात्र बॅटरीची वायर कधी काढू नका. कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

४. प्लगला करंटच नाही. सीडीआय बदलून टाकू का?

थांबा. सीडीआय सगळ्यांत शेवटी.

आधी दुसरा, चालू असलेला प्लग लावून पाहा. मग कॅप पिरगाळून काढा, एचटी वायरचं (प्लगकडे येणाऱ्या जाड वायरचं) टोक अर्धा सेंटीमीटर कापा, कॅप परत फिरवून बसवा. जुन्या वायरचं टोक आतून हिरवं पडलेलं असतं. एवढ्यावर पुष्कळ गाड्या चालू होतात.

तरी नाही, तर सीडीआयच्या कपलरमधली (वायरी जोडायच्या खटक्यातली) काळी-पांढरी वायर शोधा. एसी सीडीआयची गाडी चावीने बंद होते तेव्हा वीज तोडली जात नाही, उलट ही वायर अर्थला टेकते आणि करंट मरतो. म्हणजे ही वायर कुठे घासून चेसीला टेकली, तर चावी चालू असूनही गाडीला वाटतं की मला बंद केलंय. ती एकटी वायर कपलरमधून सोडवा आणि किक मारा. करंट आला तर दोष चावीच्या कुलपात, किल स्विचमध्ये किंवा त्या वायरमध्ये आहे. सीडीआय ठणठणीत आहे. अशी गाडी मग चावीने बंद होणार नाही. गिअर टाकून ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद करावी लागेल, हे आधी लक्षात ठेवा.

हे मी शहाणपणाने नाही, चुकून शिकलो. बाजाराचा दिवस होता, शेडमध्ये आठ-दहा गाड्या. एक काकाजी आले, गाडीला करंट नाही. मी घाईत सीडीआय बदलला, टाकी जरा हलवली, गाडी चालू. मीही खूश, तेही खूश. तिसऱ्या दिवशी गाडी ढकलत परत. या वेळी टाकी पूर्ण काढली, तर टाकीखालच्या पोकळीत कापसाचं बोंड, चिंध्या, उंदराचं घर, आणि काळ्या-पांढऱ्या वायरचं आवरण दोन बोटं कुरतडलेलं. तांबं चेसीला टेकत होतं. टाकी हलली की सुटायचं, खड्ड्यात गेली की टेकायचं. सीडीआयचे पैसे परत दिले. तेव्हापासून टाकी आधी, सीडीआय नंतर. घरात कापूस भरलेला असेल आणि गाडी त्याच खोलीत उभी असेल, तर तुम्हीही टाकीखाली टॉर्च मारून एकदा पाहा.

वायर ठीक असेल तर मल्टिमीटर ओहमवर लावा. काळ्या-लाल वायरीपासून अर्थपर्यंत शंभर ते काही शे ओहम यायला हवेत, ही मॅग्नेटमधली ठिणगीची कॉइल. निळ्या-पिवळ्या वायरीपासून अर्थपर्यंत साधारण ५० ते २००, ही पल्सर कॉइल, ठिणगीची वेळ सांगणारी. यातली एखादी काहीच दाखवत नसेल, तर ती तुटली. दोन्ही बरोबर, वायरिंग बरोबर, एचटी कॉइल बरोबर, तर आता सीडीआय. तोही आधी ओळखीच्याच्या तशाच गाडीचा लावून पाहा, मग विकत घ्या.

५. पावसात बंद पडते, वाळली की चालू होते.

प्लगची कॅप, एचटी वायर किंवा सीडीआयचा कपलर, यातलं काहीतरी. कॅपला बारीक तडा असतो, डोळ्याला दिसत नाही. रात्री अंधारात गाडी चालू ठेवून कॅपवर आणि वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. तडा असेल तिथून निळी ठिणगी सरपटताना दिसेल. हात लांब ठेवा. कॅप बदला, चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही.

आपली काळी माती मडगार्डमध्ये थापली जाते आणि आठ-आठ दिवस ओली राहते. त्या चिखलात रेग्युलेटरची (चार्जिंगचे व्होल्ट आवरणाऱ्या डबीची) पाती बुजतात, कपलर सडतात. गाडी धुवा, पण विहिरीच्या मोटारीच्या पाइपाने थेट कॉइलवर धार मारू नका.

६. उन्हाळ्यात पाच-दहा किलोमीटर गेली की बंद. अर्धा तास सावलीत उभी केली की परत चालू.

नवतपा लागला की रोज एक तरी फोन याचा. कारणं चार आणि चारही वेगळी, म्हणून बंद पडली त्याच क्षणी, गरम असतानाच तपासायचं. गॅरेजला येईपर्यंत ती थंड होते आणि सगळं बरोबर दिसतं.

पहिलं म्हणजे टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' करून हवा आत ओढली गेली आणि मग गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. सुईने मोकळं करा, खर्च शून्य. दुसरं, लगेच करंट पाहा (प्रश्न २). करंट नाही आणि थंड झाल्यावर येतो, तर मॅग्नेटमधली कॉइल किंवा पल्सर गरम झाल्यावर आतून सुटते. थंड असताना मीटर बरोबर आकडे दाखवतं, म्हणून हा दोष फसवा. तिसरं, करंट आहे, पेट्रोल आहे, पण किक अगदी हलकी लागते, तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) घट्ट झालेत. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. टॅपेट थंड इंजिनावरच सेट करतात. आणि चौथं, जुना प्लग. तो तर बदलाच.

७. हिवाळ्यात पहाटे वीस-वीस किक लागतात.

चोक ओढता का? निम्म्या गाड्यांची चोकची पट्टी तुटलेली असते आणि मालकाला ठाऊकही नसतं. थंडीत रेस न देता, चोक ओढून, चावी बंद ठेवून दोन-तीन सावकाश किक मारा. मग चावी चालू करून एक जोराची.

तरी नाही, तर प्लगची फट पाहा. ०.६ ते ०.८ मिलिमीटर हवी, झिजून ती एक मिलिमीटरच्या वर गेलेली असते. मग टॅपेट, एअर फिल्टर, कार्बोरेटरचा स्लो जेट. हे सगळं करूनही थंडीत त्रास आणि सायलेन्सरमधून निळा धूर, तर इंजिन झिजलंय. तिथे मलमपट्टी चालत नाही.

८. गाडी दोन महिने उभी होती. आता चालू होत नाही.

कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून मागे चिकट थर राहिलेला असतो. ड्रेन करा, ताजं पेट्रोल येऊ द्या. नाहीच झालं तर जेट खोलून साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. हवा मारा.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की तळाशी पाणी बसतं. ड्रेन केलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरून पाहा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशरही यात फुगतात, म्हणून नळी कडक किंवा लिबलिबीत झाली की बदलून टाका.

९. सेल्फ दाबला की नुसतं टकटक करते.

कोणतं टकटक, ते ऐका. भराभर कटकटकट झालं तर बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल ढिलं. एकदाच 'टक' आणि मग शांतता, तर रिलेचे आतले संपर्क जळालेत किंवा सेल्फच्या मोटरचे कार्बन संपलेत. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच किंवा बटन. आणि मोटर 'घर्र' फिरते पण इंजिन फिरत नाही, तर वन-वे क्लच गेला. त्याला बॅटरी बदलून काही होत नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा लावून ब्रश करा, कोरडं करा, घट्ट आवळा, वर थोडं ग्रीस. मग मीटर बॅटरीला लावून सेल्फ मारा. आकडा १० व्होल्टच्या खाली पडला तर बॅटरी दम देत नाही. आकडा १२ च्या आसपासच राहिला आणि तरी फिरत नाही, तर बॅटरी निर्दोष, वीज पुढेच जात नाही. तेव्हा एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची वायर सडली आहे. ती वायर काही रुपयांची असते आणि तिच्यापायी हजाराची बॅटरी बदलली जाते.

१०. बॅटरी चांगली की गेली, मीटरने कसं ओळखू?

गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी मोजा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२ म्हणजे जवळपास रिकामी. रात्रभर चार्ज करूनही सकाळी १०.५ च्या आसपास दाखवत असेल, तर सहापैकी एक सेल मेलाय, ती बॅटरी भंगारात. पण भरलेला आकडा दिसला म्हणून बॅटरी चांगलीच असं नाही, खरी परीक्षा प्रश्न ९ मधली, वजन टाकून. साधा डिजिटल मीटर शेतकऱ्याच्या घरी असावा. मोटारीच्या स्टार्टरला, फवारणी पंपाला, सगळ्याला कामी येतो.

११. गाडी बॅटरी चार्ज करते की नाही?

भरलेली बॅटरी लावा. मीटर डीसीवर, पिना थेट बॅटरीच्या टोकांवर. गाडी बंद असतानाचा आकडा लिहून घ्या. आता चालू करून मध्यम रेस द्या. आकडा १३.५ ते १४.८ मध्ये गेला तर चार्जिंग ठीक आहे. बंद असतानापेक्षा वाढलाच नाही, तर चार्जिंग नाही (प्रश्न १३). १५ च्या वर गेला तर जास्त होतंय (प्रश्न १४). स्लोवर आकडा कमी दिसणं जुन्या गाड्यांत चालतं, त्याला घाबरू नका.

१२. रेस दिली की हेडलाइट लख्ख होतो. म्हणजे चार्जिंग चांगलंच असणार ना?

नाही. या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतोच, तो मॅग्नेटच्या वेगळ्या एसी वायरीवर असतो. म्हणून रेसबरोबर वाढतो आणि स्लोवर मिणमिणतो. चार्जिंग पूर्ण बंद असतानाही तो तितकाच लख्ख होईल. चार्जिंगचा अंदाज घ्यायचा तर इंडिकेटर लावून हॉर्न वाजवा. रेसवरही हॉर्न घसा बसल्यासारखा वाजत असेल तर शंका घ्या आणि प्रश्न ११ प्रमाणे मोजा.

१३. चार्जिंग होत नाही. कॉइल गेली की रेग्युलेटर?

आधी फ्यूज आणि रेग्युलेटरचा कपलर. कपलर हातात घेऊन पाहा. एखादी पिन जळून तपकिरी झाली असेल तर रोग तिथेच आहे.

मग मॅग्नेटकडून येणारा कपलर सोडवा. पांढरी वायर चार्जिंगची, पिवळी लाइटची, हिरवी अर्थ. मीटर एसी व्होल्टवर, एक पिन पांढरीवर, एक हिरवीवर. गाडी चालू करून रेस द्या. व्होल्ट रेसबरोबर भराभर चढले तर कॉइल जिवंत आहे आणि संशय रेग्युलेटरवर जातो. चढतच नसतील तर कॉइल.

आता नवख्या मिस्त्रीची गल्लत होते ती इथे. मोठ्या, सेल्फवाल्या गाड्यांत मॅग्नेटमधून तीन पिवळ्या वायरी येतात. त्यांत कुठलीही पिवळी अर्थला लागलेली दिसली तर कॉइल जळाली, हा नियम बरोबर आहे. पण तोच नियम शंभर सीसीच्या पांढऱ्या-पिवळ्याला लावू नका. तिथे कॉइलचं दुसरं टोक मुळातच अर्थला जोडलेलं असतं, एक ओहमच्या आसपास दाखवणारच. चांगल्या कॉइली या समजापायी फेकल्या जातात. तीन पिवळ्यांच्या गाडीत दोन-दोनच्या तिन्ही जोड्या मोजा, तिन्हीकडे एसी व्होल्ट सारखेच आले पाहिजेत. एक जोडी मागे पडली तर कॉइल.

१४. बल्ब सारखे उडतात. बॅटरीतलं पाणीही लवकर आटतं.

रेग्युलेटरचं नियंत्रण सुटलंय, किंवा त्याचा अर्थ सुटलाय. दुसरं जास्त वेळा असतं. रेग्युलेटर बसतो तिथला रंग आणि गंज खरवडून बोल्ट घट्ट करा, हिरवी वायर तपासा, मग प्रश्न ११ प्रमाणे मोजा. तरी १५ च्या वर, तर रेग्युलेटर बदला.

बॅटरी काढून गाडी फिरवणाऱ्यांचेही बल्ब असेच उडतात. बॅटरी मॅग्नेटचे झटके पिऊन घेते. ती नसली की झटका बल्बवर, मीटरवर आणि रेग्युलेटरवर जातो. घरापर्यंत यायला ठीक, महिनाभर नाही.

१५. बॅटरीत बोअरचं पाणी टाकलं तर चालतं का?

आपण खारपाण पट्ट्यात राहतो, पूर्णेच्या काठी. इथलं बोअरचं पाणी आपल्याला पिववत नाही, ते बॅटरीला का पाजता? त्यातले क्षार प्लेटांवर बसतात आणि बॅटरी काही दिवसांत बसते. आरओचं पाणीही नको. फक्त बॅटरीचं डिस्टिल वॉटर, दोन रेघांच्या मध्ये. वरच्या रेघेच्या वर भरलं तर चार्ज होताना उतू जातं आणि खालची चेन, चेसी खातं.

ॲसिड परत टाकायचं नसतं. ते पहिल्यांदा भरताना एकदाच. आटतं ते पाणी, ॲसिड नाही. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी पाहा, एरवी महिन्याने. वर 'मेंटेनन्स फ्री' लिहिलेली, झाकणं नसलेली बॅटरी फोडून पाणी घालू नका. आणि पाणी टाकताना वरच्या बाजूच्या नळीला बाक पडलेला नाही ना ते बघा, नाहीतर आतली हवा कोंडते.

१६. फवारणी पंपाच्या चार्जरने गाडीची बॅटरी चार्ज करू का? ट्रॅक्टरची लावली तर?

पंपाची बॅटरी बहुतेक १२ व्होल्ट ८ किंवा १२ अँपिअर अवरची असते. किकच्या गाडीची असते अडीच. बॅटरी तिच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाने चार्ज करायची, म्हणजे अडीचच्या बॅटरीला पाव अँपिअर, दहा-बारा तास. पंपाचा चार्जर दीड अँपिअरच्या पुढे देतो. तुमच्या बॅटरीसाठी ते वाटीत बादली ओतण्यासारखं आहे. ती गरम होते, फसफसते, प्लेटा वाकतात. अडलंच तर समोर बसून अर्धा तास, हात लावून पाहत. गरम लागली की काढा. रात्रभर लावून झोपू नका, आणि चार्जिंगच्या जागी बिडी-आगपेटी नको, त्यातून निघणारी वाफ पेट घेते.

उलट, पंपाची भरलेली बॅटरी दोन वायरींनी तात्पुरती जोडून 'हॉर्न-इंडिकेटर चालतात का' पाहणं उत्तम. बॅटरीचा दोष की वायरिंगचा, लगेच कळतं.

ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून सेल्फ मारता येतो. ट्रॅक्टर बंद ठेवा. आधी लाल ते लाल, मग काळी ट्रॅक्टरच्या मायनसवर आणि तिचं दुसरं टोक गाडीच्या चेसीला, बॅटरीपासून लांब. चालू झाली की उलट्या क्रमाने काढा. ट्रकवरून करू नका, तिथे बहुतेक २४ व्होल्ट असतात.

१७. चार्जिंग बरोबर आहे, तरी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते.

कुठेतरी गळती आहे. चावी बंद करा, बॅटरीची मायनस वायर काढा, मीटर अँपिअरवर लावून मधोमध जोडा. सुरुवात १० अँपिअरच्या भोकापासून, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. या अवस्थेत सेल्फ मारू नका. जुन्या गाडीत आकडा जवळपास शून्य हवा. काही दिसलं तर एकेक कपलर सोडवत जा. ज्यावर शून्य झालं तो चोर. बहुतेक वेळा चोर बाहेरचाच निघतो: चोरी रोखायचा अलार्म, हँडलवरचा मोबाइल चार्जर, थेट बॅटरीला जोडलेला जास्तीचा हॉर्न. हे काहीच नसेल, तर रेग्युलेटर सोडवून पाहा. तो आतून उलटा गळतो.

१८. शेतात रात्री जावं लागतं. जास्तीचे लाइट लावले तर?

रात्रीची लाइन आली की पाणी द्यायला जावंच लागतं, मान्य. हिशोब करा. ३५ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर जवळपास ३ अँपिअर खातो. अडीचची भरलेली बॅटरी तो पाऊण तासात संपवतो. मॅग्नेट तेवढी भर घालू शकत नाही. आठ-दहा वॅटचा एलईडी लावा, स्वतःचा रिले आणि फ्यूज देऊन, आणि गाडी उभी असताना बंद ठेवा. बॅटरी मोठी टाकून प्रश्न सुटत नाही. हौद मोठा केला म्हणून विहिरीचा झरा वाढत नाही.

१९. फ्यूज सारखा उडतो. तार लावून चालवू का?

सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावलेली वायरिंग जळून एकमेकींना चिकटलेली मी पाहिली आहे, आणि टाकी वरतीच असते. लिहिलेल्या आकड्याचाच फ्यूज लावा. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तोवर तो पेटलेला राहील. मग हँडल डावीकडे-उजवीकडे वळवा, सीट दाबा, ब्रेक दाबा. बल्बचा उजेड ज्या हालचालीला बदलतो, तिथली वायर सोला. बहुतेक ती हँडलच्या मानेपाशी असते.

२०. वडिलांची राजदूत आहे. हे तिला लागू पडतं का?

पेट्रोलचं सगळं लागू. विजेचं नाही. तिथे सहा व्होल्ट आहेत, म्हणून वरचे व्होल्टचे सगळे आकडे निम्मे धरा, आणि बारा व्होल्टचा चार्जर लावू नका. सीडीआयऐवजी पॉइंट आणि कंडेन्सर. पॉइंट बारीक कानसीने घासा, पेट्रोलच्या फडक्याने पुसा, पूर्ण उघडल्यावर फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. किक मारताना पॉइंटांमध्येच मोठी ठिणगी दिसत असेल आणि प्लगवर मरतुकडी, तर कंडेन्सर गेला. बुलेटचे पॉइंटही साधारण याच मापाचे. हेडलाइटच्या डोक्यावरचा ॲमीटरचा काटा रेसवर मधल्या रेघेच्या पुढे जात नसेल तर चार्जिंग नाही. प्रश्न ११ ला मीटर लागतं, बुलेटवाल्याकडे ते घरचंच आहे.

२१. करंट आहे, पेट्रोल आहे, बॅटरी भरलेली आहे. तरी चालू होत नाही.

प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारा. चावी बंद ठेवा. अंगठा फेकला गेला पाहिजे. सहज दाबून धरता येत असेल तर इंजिनात दाब नाही, व्हॉल्व्ह किंवा रिंग.

दाब आहे आणि किक मारली की कार्बोरेटरमधून फटका येतो, तर मॅग्नेट आणि क्रँक यांच्यामधली छोटी अर्धगोल चावी तुटली असेल. मॅग्नेट जरा सरकलं की ठिणगी पडते, पण चुकीच्या वेळी. कुणी नुकतंच मॅग्नेट खोललं होतं का, विचारा.

आणि सायलेन्सर पाहा. मागे एक गाडी आली होती, सुगीभर मळ्यातल्या झोपडीत उभी. दोन मिस्त्र्यांनी प्लग, कॅप, सीडीआय, सगळं बदललेलं. एकदा भुर्र करायची आणि गुदमरून मरायची. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर हवाच लागेना. लांब तार आत घालून ओढली, तर मातीचे भुगे बाहेर पडले. कुंभारमाशीने आत चिखलाची चार खोल्यांची माडी बांधली होती.